दीपगृह कुठल्या हाताला

वादळाने गावाचे फारसे नुकसान केले नाही. काही छपरांचे पत्रे उडाले, बंदरातली एक जुनी होडी उलटली आणि दक्षिणेच्या कड्याखाली पसरलेली वाळू समुद्राने एका रात्रीत ओढून नेली. पत्र्यांची आणि होडीची चर्चा बरेच दिवस चालली. वाळूची कोणी केली नाही, कारण वाळूचे कोणाला काही देणेघेणे नव्हते. तिच्याखाली काय उघडे पडले आहे हे पाहायला एकच माणूस गेला, आणि पाहून परत आल्यावर ते सांगण्यासाठी त्याला कोणाचे दार ठोठावावे हे सुचेना.

त्या माणसाला सगळे ‘धाकटे’ म्हणत. हे त्यांचे आडनाव नव्हते. भूगर्भ सर्वेक्षणाच्या कचेरीत ते नोकरीला लागले, तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान तिथे आधीपासून होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर ओळख करून दिली होती : “हे आमच्या घरातले धाकटे.” ती ओळख चिकटली ती कायमची. नव्याने येणारी माणसे त्यांना ‘धाकटेसाहेब’ म्हणू लागली, आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या पुष्पगुच्छावरही कोणीतरी तेच नाव लिहिले. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी धाकटे ते धाकटेच राहिले. नाव ठेवणारे भावोजी मात्र मागच्या हिवाळ्यात गेले.

कड्याखालच्या त्या खडकावरून धाकट्यांचा आणि भावोजींचा वाद होता. साधासुधा नव्हे, नोकरीभर पुरलेला आणि निवृत्तीनंतरही शिल्लक राहिलेला. खडक वालुकाश्माचा होता, म्हणजे फार पूर्वीची वाळू दगड होऊन बसलेली. ती उथळ पाण्यात साठली होती याबद्दल दोघांचे एकमत होते. खडकाच्या पृष्ठावर लाटांनी पाडलेल्या वळ्या होत्या, उन्हात तडकलेल्या चिखलाच्या भेगा होत्या, किड्यांची बिळे होती. त्या पाण्यात माणूस उभा राहिला असता, तर फार तर त्याचे गुडघे भिजले असते. त्या काळी जमीन उत्तरेला होती, हेही दोघांना मान्य होते, कारण उत्तरेच्या टेकड्यांत त्याच वयाचे जाडेभरडे गोटे सापडत आणि ते समुद्रातून येणे शक्य नव्हते. प्रश्न एवढाच होता की ही वाळू आणली कोणी. धाकटे म्हणत, नदीने. उत्तरेकडून येणाऱ्या एखाद्या मोठ्या नदीच्या मुखाशी ती दक्षिणेकडे ढकलली गेली. भावोजी म्हणत, समुद्राने. भरतीने आणि लाटांनी दक्षिणेकडून उचलून ती जमिनीकडे लोटली आणि तिचे बांध रचले.

वाळू ज्या दिशेला सरकते, त्या दिशेला तिचे पदर उतरते पडतात. दगड झाल्यावरही तो उतार तसाच राहतो. ताटाच्या कडेवरून साखर ओतत नेली की ती पुढच्या बाजूला घसरत जाते, तसे हे असते, असे भावोजी समजावून सांगत. समजावताना ते खरोखरच रविवारच्या जेवणानंतर साखरेचा डबा ओतून दाखवत, आणि ताई त्यांच्यापुढून डबा उचलून नेत म्हणे की साखर चहात घालायची असते. मग भावोजी गंभीर चेहऱ्याने विचारत, “धाकटे, पण तुमची ही नदी येते कुठून? नळातून?” त्यावर धाकटे कागद मागत, पेन्सिल मागत, आणि संध्याकाळ कशी सरली हे कोणालाच कळत नसे.

वाद मिटत नव्हता, कारण कड्यात दिसणारे थर अडनिड्या कोनांत कापले गेले होते. एका चिऱ्यात उतार एकीकडे भासे, शेजारच्या चिऱ्यात दुसरीकडे. खरा पुरावा कड्याच्या पायथ्याशी असणार हे दोघांना ठाऊक होते. तिथे खडक सपाट पसरून जिभेसारखा समुद्रात शिरत होता. पण त्या जिभेवर कायम पुरुषभर वाळू असे.

आणि आता वाळू गेली होती.

भावोजी असते तर वादळ पुरते थांबण्याआधीच त्यांनी फोन करून धाकट्यांना झोपेतून उठवले असते. त्याऐवजी धाकटे एकटेच कड्यावरच्या वाटेने खाली उतरले. धुके इतके दाट होते की हातातली काठी कुठे टेकते तेवढेच दिसत होते. खडकाच्या जिभेवर पाऊल ठेवल्यावर ते कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. पायाखाली त्या उतरत्या पदरांच्या कडा, चंद्रकोरींसारख्या वाकलेल्या रेषा, एकीत एक बसवल्यागत मांडल्या होत्या, कालच कोणी पाण्यात हात फिरवून उठल्यासारख्या स्वच्छ. त्यांच्या तोंडून आपोआप निघाले, “भावोजी, बघा.” मग त्यांनी घसा खाकरला आणि सामान बाहेर काढले.

या मोजणीला एक कारण आणखी होते. नगरपालिका कड्यावर फिरायला वाट बांधत होती, आणि तिथे एक माहितीफलक लावायचा होता. उद्यान विभागातल्या बाई वादळाच्या आधीच घरी येऊन गेल्या होत्या. मजकूर सोपा हवा, शाळेतल्या मुलांना कळेल असा, आणि प्राचीन पाणी कुठून कुठे वाहत होते ते एका बाणाने दाखवावे, असे त्यांचे म्हणणे होते. धाकट्यांनी चाचरत सुचवले की याबाबत दोन मते आहेत, दोन बाण काढता येतील. बाईंनी हसून सांगितले की बाण एकच हवा, दोन बाण पाहिले की लोक वाहनतळ शोधू लागतात. धाकट्यांनी मग एकच अट घातली : फलकाखाली भावोजींचे नाव आपल्या नावाच्या आधी यावे. बाईंनी ते लगेच कबूल केले. बाणाची दिशा तेवढी राहिली होती. फलक रंगवायला जाण्यापूर्वी ती ठरवायची होती, आणि प्रत्येक भरती थोडी थोडी वाळू परत आणून टाकत होती.

कचेरीतल्या माणसांची मोजण्याची एक पद्धत होती. एकाने होकायंत्र थरावर धरायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने तो आकडा तसाच परत बोलायचा, त्या दिशेला हात लांब करून दाखवायचा, आणि मगच टिपून घ्यायचा. हात दाखवणे नव्या मुलांना पोरकट वाटे. पण होकायंत्राच्या सुईला दोन टोके असतात, उत्तरेचे पांढरे आणि दक्षिणेचे काळे, आणि दमलेला माणूस चुकीच्या टोकाशी आकडा वाचतो तेव्हा उत्तर थोडेथोडके चुकत नाही, नेमके उलटे येते. कागदावर ते उलटे उत्तर सुलट्याइतकेच नीटनेटके दिसते. लांब केलेला हात मात्र फसत नाही. समोर डोंगर हवा तिथे समुद्र आला की चूक लगेच उघडी पडते.

त्या सकाळी धाकट्यांनी पहिल्या उताराची दिशा मोजली आणि सवयीने म्हणाले, “चोवीस.” मग ते थांबले. परत कोणी बोलले नाही. खडकाच्या तिन्ही बाजूंनी पाणी खळखळत होते. त्यांनी चोवीस लिहून घेतले.

होकायंत्र भावोजींचे होते. धाकट्यांच्या स्वतःच्या यंत्रात खारे पाणी शिरून ते गंजले होते, आणि भावोजी गेल्यावर ताईने कपाटातून हे काढून त्यांच्या हातात ठेवले होते. कपाटात पडून राहण्यापेक्षा तुझ्याकडे असू दे, एवढेच ती म्हणाली. इतक्या वर्षांत धाकट्यांनी त्याला हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या होकायंत्राला हात लावायचा नाही, हा कचेरीतला न सांगता पाळला जाणारा नियम होता.

दुसरा उतार एकोणीस निघाला, तिसरा तीस. सगळे उत्तरेकडे, जरासे पूर्वेला झुकलेले. म्हणजे जमिनीकडे. म्हणजे भावोजींची भरती, भावोजींचे बांध. मोजता मोजता एकदा धाकट्यांना वाटले की अंगाला काहीतरी खटकते आहे, घरात रोजचे टेबल कोणीतरी फिरवून ठेवल्यासारखे. त्यांनी मान वर करून पाहिले. सगळीकडे एकच पांढरा पडदा होता, पाण्याचा आवाज सगळ्या बाजूंनी येत होता. तंत्रनिकेतनात त्यांना शिकवले होते की यंत्र एक सांगत असेल आणि मन दुसरे, तर यंत्राचे ऐकावे. त्यांनी जन्मभर तेच केले होते. ते पुन्हा वाकले आणि पुढचा उतार मोजला.

नंतरच्या सकाळीही धुके होते आणि नंतरच्या मोजण्याही तशाच निघाल्या. घरी येऊन त्यांनी सगळे आकडे वर्तुळाच्या आकृतीवर मांडले. एकही आकडा फुटून बाहेर गेला नाही. इतके एकमुखी उत्तर त्यांनी नोकरीत क्वचितच पाहिले होते. ते खुर्चीत मागे टेकले, आणि त्यांना स्वतःचे नवल वाटले, कारण त्यांना बरे वाटत होते. वर्षभर त्या खोलीत काही घडले नव्हते. एक कप, एक ताटली, धुऊन पालथी घातलेली. आज कोणीतरी येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हटल्यासारखे झाले होते, काय धाकटे, आटली का नदी?

दुपारी ते ताईकडे गेले.

ताई एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर राहत असे. पूर्वी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सगळी नोकरी कानाला यंत्र लावून गेली, त्यामुळे आजही ती बोलणाऱ्याकडे पाहत नसे, मान किंचित कलती करून ऐकत असे. दिवाणखान्यात जुना काळा फोन स्टुलावर ठेवला होता. त्याच्यावर धूळ नव्हती. तो वाजतही नव्हता. भावोजी होते तोवर धाकटे दर रविवारी येत. ते गेल्यावर तीन-चार वेळा आले, पण साखरेचा डबा जागच्या जागी राहू लागला आणि दोघांनाही बोलायला काही सुचेना. मग येणे विरळ झाले. ताईने कधी विचारले नाही. धाकट्यांनी कधी सांगितले नाही.

त्यांनी आकृती टेबलावर पसरली आणि सगळे क्रमाने सांगितले : वाळू गेली, जीभ उघडी पडली, उतार मोजले, दिशा उत्तर. शेवटी म्हणाले, “ताई, भावोजी बरोबर होते. फलकावरचा बाण त्यांचा.”

ती आनंदेल, निदान डोळे पुसेल, असे त्यांना वाटले होते. ताईने आकृतीकडे पाहिलेसुद्धा नाही.

“किती वर्षं भांडलास तू त्यांच्याशी?” तिने विचारले.

“बरीच.”

“बरीच. आणि ते गेल्यावर हरतोस. समोर बसले होते तेव्हा हरायचं होतंस, धाकट्या. तेव्हा त्यांनी गल्लीत साखर वाटली असती.”

“मी हरत नाहीये. मोजलंय मी.”

“एकट्याने मोजलंस. धुक्यात.” तिने कागद हळूच त्यांच्याकडे सरकवला. “मला वाईट वाटू नये म्हणून असलं काही करू नकोस. त्यांना दया दाखवलेली आवडायची नाही. मलाही आवडत नाही.”

धाकट्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जन्मभरात त्यांच्यावर पुष्कळ आरोप झाले होते, संथपणाचा, किचकटपणाचा, माणसाला वेड लावण्याइतक्या नेटकेपणाचा. आकडे वाकवल्याचा आरोप कोणी केला नव्हता. त्यांनी कागदाची घडी घातली. ताईने आपल्याबरोबर यावे आणि आपल्या डोळ्यांनी पाहावे, असे त्यांनी सुचवले, आणि सुचवतानाच त्यांना कळले की ती नाही म्हणेल, कारण तिच्या गुडघ्यांना दोन जिनेही जड होते. ताई काही क्षण स्टुलावरच्या फोनकडे पाहत बसली. मग तिने विचारले की ओहोटी केव्हा असते.

उतरायला त्यांना फार वेळ लागला. ताई कॅनव्हासचे बूट घालून आली होती, एका हातात काठी, दुसरा हात धाकट्यांच्या दंडावर. वाटेत ती दर वळणावर थांबे आणि म्हणे की हे इथे दर आठवड्याला येत होते आणि मला सांगत होते की जरा बाजारात जाऊन आलो. धुके नव्हते. आकाश धुतलेल्या ताटासारखे लख्ख होते. खाली जिभेच्या टोकाकडचा भाग पुन्हा वाळूखाली गेला होता, पण मधला बराचसा खडक अजून उघडा होता.

त्यांनी ताईला एका उंचवट्यावर बसवले आणि पद्धत समजावली. मी आकडा सांगेन, तू परत बोल, आणि त्या दिशेला हात दाखव. शून्य म्हणजे उत्तर, नव्वद म्हणजे पूर्व.

“परत बोलायचं मला शिकवतोस?” ताई म्हणाली. “ही सवय त्यांना कोणी लावली असं वाटतं तुला? लग्न ठरल्यावर ट्रंक कॉल करायचे माझ्या एक्स्चेंजला, उगीचच कुठला तरी नंबर मागायला. मी नंबर परत बोलायचे. पुढे म्हणाले, आमच्या कचेरीतही हे सुरू करतो, चुका कमी होतील.”

धाकट्यांना ही पद्धत सरकारी वाटत आली होती, कुठल्यातरी परिपत्रकातून आलेली. वाकून त्यांनी यंत्र थरावर टेकवले, सुई स्थिरावण्याची वाट पाहिली आणि पांढऱ्या टोकाशी आकडा वाचला.

“चोवीस.”

“दोन, चार, चोवीस,” ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला होता, सपाट, स्वच्छ, कोणाचाच नसलेला. आणि तिने हात लांब केला.

धाकट्यांनी वर पाहिले. ती भलतीकडेच हात दाखवत होती. थर इकडे उतरत होते, तिचा हात बरोबर पाठीमागे होता.

“उलटं, ताई. उत्तर इकडे.”

“दीपगृह उत्तरेला आहे,” ताई म्हणाली. तिने हात खाली घेतला नाही. तिच्या बोटापलीकडे, निळ्या आकाशावर, पांढरे दीपगृह पेन्सिलीसारखे उभे होते. “माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं ते, आणि त्या खिडकीत ऊन कधी येत नाही.”

धाकट्यांनी दीपगृहाकडे पाहिले. मग तळहातावरच्या यंत्राकडे. सुईचे पांढरे टोक निमूटपणे दीपगृहाकडे पाठ करून दक्षिण दाखवत होते. त्यांनी यंत्र फिरवले, हलवले, खिशातली किल्ली काढून दूर ठेवली. सुई डुलली आणि पुन्हा तिथेच आली.

“हे पांढरं टोक दक्षिणेला का जातंय?” ते स्वतःशीच पुटपुटले.

“अरे, ते होय,” ताई म्हणाली. “एकदा पडलं होतं त्यांच्या हातून. घड्याळजीने सुई नीट केली आणि रंग उलट्या टोकाला दिला. मी म्हटलं, परत द्या त्याला. तर म्हणाले, राहू दे, चोरीला गेलं तर चोर रस्ता चुकेल.”

ती हसली, आणि मग धाकट्यांचा चेहरा पाहून तिचे हसू थांबले. हळूहळू तिच्याही ध्यानात आले. तिने काठीने पायाखालच्या थराला स्पर्श केला, उताराच्या दिशेने काठी ओढत नेली आणि दीपगृहाकडे पाहिले. काठी दीपगृहापासून लांब जात होती.

“म्हणजे पाणी तिकडे गेलं,” ती म्हणाली. “दक्षिणेकडे.”

“हो.”

“म्हणजे नदी.”

धाकटे खडकावर बसले. लांबच लांब दुपार, ऊन, आणि समोर तो समुद्र, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, त्या प्राचीन पाण्यानंतर कल्पनेपलीकडच्या काळाने आलेला. आपण बरोबर होतो. हे वाक्य त्यांनी मनात दोनदा म्हणून पाहिले. ते ऐकवायचे होते तो माणूस एकच होता. भावोजींनी काय केले असते हे त्यांना नेमके ठाऊक होते : आधी मान्य केले नसते, मग यंत्राला नावे ठेवली असती, मग खूप वेळ गप्प राहून म्हणाले असते, बरं, एवढ्याशा तुकड्यावरून ठरवता होय? आणि पुढचा रविवार पक्का झाला असता.

“मला बरं वाटलं होतं, ताई,” ते म्हणाले. “काल, ते बरोबर निघाले तेव्हा. दया नव्हती ती. खरंच बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्यापायीच धुकं विरेपर्यंत थांबून मी दीपगृह शोधलं नाही.”

एक लाट आली, खडकाच्या कडेवर चढली आणि चंद्रकोरींतून पाणी निथळत गेले.

“मलाही वाटलं असतं,” ताई म्हणाली. “खरं असतं तर.”

“फलकाखाली त्यांचं नाव आहे. आधी त्यांचं, मग माझं. आणि बाण माझा.”

“असू दे. ते म्हणतील, मी मुद्दामच यंत्र तसं ठेवलं होतं, जाता जाता धाकट्याला एकदा घोळात घेतलं.” तिने काठी आपटली. “ऊठ आता. एका आकड्यावर बाण काढणार आहेस का? सगळे पुन्हा सांग. आणि काळ्या टोकाशी वाच.”

त्यांनी सगळे पुन्हा मोजले. दोनशे चार, एकशे नव्व्याण्णव, दोनशे दहा. धाकटे सांगत, ताई त्या कोणाच्याच नसलेल्या आवाजात परत बोले आणि हात लांब करी, दर वेळी दीपगृहाच्या विरुद्ध बाजूला. मधे एकदा धाकट्यांनी सुचवले की घरी गेल्यावर सुईच्या काळ्या टोकाला पांढरा रंग लावून टाकावा, पुन्हा अशी चूक नको. ताई म्हणाली, सुईला हात लावायचा नाही. तेवढे बोलून ती पुढच्या आकड्याची वाट पाहू लागली. भरतीचे पाणी बुटांना लागले तेव्हा ते उठले.

त्या उतरण्याचढण्याने ताईचे दोन्ही गुडघे सुजले. डॉक्टरांनी जिना उतरायलाही बंदी घातली, मग कडा तर दूरच. फलक ठरल्या दिवशी रंगवायला गेला. त्यावर बाण दक्षिणेकडे होता, खाली दोन नावे होती. लोक आता कड्यावरून फिरतात, फलकापाशी थांबतात, बाणाच्या दिशेला पाहतात आणि म्हणतात की तिकडे तर काहीच दिसत नाही. बाईंनी फोन करून धाकट्यांचे आभार मानले आणि मजकूर सोपा असल्याचे कौतुक केले. कचेरीतल्या जुन्या माणसांपैकी कोणी तो वाचला असता तर त्याला त्या एका बाणाचा अर्थ कळला असता. पण कचेरी दुसऱ्या शहरात गेली होती, आणि जुनी माणसे त्याहून लांब.

वाळू परत येत राहिली. आधी टोक गेले, मग मधला खडक. कड्याला लागून एक पट्टी उरली, तिच्यावर काही वरचे थर होते, अजून न मोजलेले. ते मोजून बाण बदलणार नव्हता. तरी धाकटे रविवारी खाली उतरले. सदऱ्याच्या खिशात मोबाइल सुरू करून ठेवला आणि यंत्र थरावर टेकवले.

“दोनशे एक,” ते वाऱ्यात म्हणाले.

“दोन, शून्य, एक,” खिशातून आवाज आला. “दीपगृह कुठल्या हाताला?”

तिला इथले काही दिसत नव्हते. हात दाखवला असता तरी तो तिच्या दिवाणखान्यात, त्या स्टुलासमोर कोणी पाहिला नसता. धाकट्यांनी मान वर केली आणि ते शोधले.

“पाठीला.”

“बरोबर. पुढचं.”

असे ते पट्टीच्या कडेपर्यंत गेले. पुढे ओली, सपाट, कालच्या भरतीने आणलेली वाळू होती, आणि तिच्या वळ्या पावलापावलावर वेगवेगळ्या दिशांना उतरत होत्या. मोजण्यासारखे काही उरले नव्हते. ताई पुढच्या आकड्याची वाट पाहत होती. तिचा श्वास आणि त्यामागे तिच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

एक्स्चेंजमध्ये नियम होता की फोन ज्याने लावला त्याने आधी ठेवायचा. धाकट्यांनी लावला होता. ते वाळूच्या कडेवर उभे राहिले, दीपगृहाकडे पाठ करून, आणि त्यांनी तो ठेवला नाही.